हंगाम बुडाल्यावर कर्ज : महामारीतील सरकारी मदत आणि मावळ

कोविडची दुसरी लाट ओसरू लागली असताना, २८ जून २०२१ रोजी, केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलेल्या उपायांत निर्यातदार आणि पर्यटन व्यावसायिक हे दोन वर्ग एकाच यादीत आले. निर्यात पतविमा देणाऱ्या ‘ईसीजीसी’ या सरकारी कंपनीचे भांडवल वाढवून पाच वर्षांत ८८,००० कोटी रुपयांच्या वाढीव निर्यातीला विमा, परदेशांत प्रकल्पांची कामे घेणाऱ्या कंपन्यांसाठी ३३,००० कोटींची तशीच सोय, मान्यताप्राप्त पर्यटक मार्गदर्शकांना एक लाख आणि प्रवासी संस्थांना दहा लाख रुपयांपर्यंतचे हमीयुक्त कर्ज, आणि व्हिसा पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या पाच लाख परदेशी पर्यटकांना निःशुल्क व्हिसा, असे या उपायांचे स्वरूप होते. आकडे मोठे होते आणि संकटाच्या काळात दोन हतबल व्यवसायांकडे सरकारचे लक्ष गेले हेही स्वागतार्ह होते. तरीही ही मदत ज्या समजुतीवर उभी होती ती समजूतच या दोन व्यवसायांच्या बाबतीत कितपत लागू पडते, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही. तो प्रश्न विचारण्यासाठी पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल, कारण परदेशी जाणारा गुलाब आणि मुंबई-पुण्याहून येणारा पर्यटक या दोहोंवर पोट असलेली माणसे येथे एकमेकांपासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत राहतात.

मावळाचा पश्चिम कडा म्हणजे सह्याद्रीचा माथा. लोणावळा-खंडाळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पूर्वेला वडगाव-तळेगावकडे यावे तसा तो झपाट्याने कमी होत जातो. या उतरत्या पावसाने तालुक्याची अर्थव्यवस्थाही विभागली आहे. घाटमाथ्यावर धुके, धबधबे, भुशी धरण, राजमाची, लोहगड-विसापूर, कार्ला-भाजे लेणी आणि एकवीरा देवीची यात्रा यांवर चालणारा पर्यटन व्यवसाय आहे. पवना धरणाच्या काठाने अलीकडच्या वर्षांत तंबूंच्या मुक्कामांची, म्हणजे कॅम्पिंगची, रांग उभी राहिली आहे. आणि पवन मावळ व आंदर मावळाच्या मोकळ्या पट्ट्यांत, सौम्य हवेचा फायदा घेऊन, पॉलिहाऊसमधील गुलाबाची शेती वाढली आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तळेगावजवळ फूलशेतीसाठी स्वतंत्र उद्यान उभारले, राज्य कृषी पणन मंडळाने तळेगाव दाभाडे येथे काढणीपश्चात तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण देणारी संस्था चालविली, आणि मुंबईचा विमानतळ द्रुतगती मार्गाने दोन-तीन तासांवर आला. या तिन्ही गोष्टी मिळून फेब्रुवारीतील व्हॅलेंटाइन दिनाचा गुलाब ही मावळाची ओळख बनली.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की महामारीतील सरकारी मदतीचा जवळजवळ सगळा भर पतपुरवठ्यावर, म्हणजे नवे कर्ज, कर्जाची हमी आणि जुन्या कर्जाची मुदतवाढ यांवर, राहिला आणि जे व्यवसाय नाशवंत वस्तू विकतात त्यांच्यासाठी ही मदत मुळातच चुकीच्या जातीची होती. ज्या व्यावसायिकाचा माल गोदामात शाबूत आहे आणि गिऱ्हाईक चार महिन्यांनी येणार आहे, त्याची अडचण पैशाच्या तात्पुरत्या चणचणीची असते. त्याला कर्ज दिले तर तो पुढे माल विकून ते फेडू शकतो. ज्याचा माल त्या चार महिन्यांत नाहीसाच झाला त्याची अडचण चणचणीची नसते, ती कायमच्या नुकसानीची असते, आणि नुकसानीवर कर्ज दिल्याने ते भरून निघत नाही, उलट पुढच्या वर्षांच्या उत्पन्नावर त्याचा बोजा चढतो. लोणावळ्याच्या हॉटेलातील जुलै महिन्याच्या शनिवारची रिकामी खोली पुढच्या वर्षी दोनदा विकता येत नाही. एप्रिलमध्ये खुडलेला आणि न विकलेला गुलाब तर आठवडाभरही टिकत नाही.

या दोहोंतही एक महत्त्वाचा भेद आहे आणि तो मदतीची आखणी करताना ध्यानात यायला हवा होता. हॉटेलला कुलूप लावता येते, पॉलिहाऊसला लावता येत नाही. गुलाबाचे झाड बाजार बंद आहे म्हणून फुलायचे थांबत नाही. दांड्या वेळेवर काढल्या नाहीत तर झाडाची वाढ बिघडते, रोग-किडींना वाव मिळतो, आणि पाच-सहा वर्षे उत्पन्न देणारी लागवड काही महिन्यांत निकामी होऊ शकते. म्हणून टाळेबंदीतही ठिबकमधून पाणी व विद्राव्य खते देणे, औषध फवारणे, मजूर लावून रोज फुले काढणे आणि काढलेली फुले बांधावर किंवा खड्ड्यात टाकणे, हा क्रम चालू ठेवावा लागला. उत्पन्न शून्य आणि खर्च मात्र बहुतांशी पूर्वीइतकाच, अशी ही स्थिती होती. शिवाय पॉलिहाऊसचा सांगाडा, प्लास्टिकचे आच्छादन आणि परदेशी जातींच्या रोपांचे स्वामित्वशुल्क हा सगळा खर्च आधीच, बहुधा दीर्घ मुदतीच्या कर्जातून, झालेला असतो.

आता संकटाचे आणि हंगामांचे कालपत्रक एकमेकांशेजारी ठेवून पाहिले पाहिजे, कारण सगळा मुद्दा त्यात आहे. व्हॅलेंटाइन दिनाच्या निर्यातीसाठी डिसेंबरच्या पूर्वार्धात झाडांची छाटणी करतात. तेथून साधारण दीड महिन्याने फुले येतात, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ती दोन ते चार अंश तापमानात ठेवून पेट्यांत भरली जातात आणि विमानाने युरोप, आखाती देश व पूर्वेकडील बाजारांत जातात. २०२० चा हा हंगाम देशव्यापी टाळेबंदीच्या आधी, म्हणजे २५ मार्चच्या कितीतरी आधी, संपला होता. २०२१ चा हंगाम दोन लाटांच्या मधल्या उसंतीत आला; विमाने कमी आणि भाडे चढे असले तरी बाजार पूर्ण बंद नव्हता. म्हणजे मावळच्या गुलाबाची निर्यात ज्या पंधरवड्यावर मुख्यतः अवलंबून असते तो पंधरवडा दोन्ही वर्षी टाळेबंदीच्या बाहेर राहिला. जे बुडाले ते देशातील मागणीचे महिने होते : दोन्ही वर्षांची एप्रिल-मेची लग्नसराई, समारंभांवरील संख्येच्या मर्यादा, आणि मार्च २०२० पासून नोव्हेंबर २०२० पर्यंत व पुन्हा २०२१ च्या उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत बंद असलेली राज्यातील मंदिरे. ज्याला सरकारी कागदावर ‘निर्यातदार’ म्हटले जाते तो फूल उत्पादक वर्षातील बहुतेक महिने पुणे, मुंबई, हैदराबाद, दिल्ली अशा देशी बाजारांवर जगतो, ही साधी वस्तुस्थिती निर्यातीच्या बिलाशी बांधलेल्या कोणत्याही सवलतीत दिसूच शकत नव्हती.

निर्यातदारांसाठी झालेले उपाय या पार्श्वभूमीवर तपासावेत. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२० रोजी निर्यातीचे पैसे देशात आणण्याची मुदत नऊ महिन्यांवरून पंधरा महिन्यांपर्यंत वाढविली आणि मे महिन्यात, माल रवाना करण्यापूर्वी व केल्यानंतर मिळणाऱ्या निर्यात कर्जाची कमाल मुदतही एक वर्षावरून पंधरा महिने केली. कापड, यंत्रे, रसायने यांच्या व्यापाऱ्याला, ज्याचा परदेशी ग्राहक पैसे थकवून बसला होता, त्याला याचा निश्चित उपयोग झाला. गुलाबाच्या व्यवहारात मात्र मालाचे आयुष्य दिवसांत मोजले जाते, त्यामुळे पंधरा महिन्यांच्या मुदतीला तेथे फारसा अर्थ उरत नाही. पतविम्याचेही तसेच आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे काम परदेशी ग्राहकाने पैसे बुडविले, किंवा त्याच्या देशातील युद्ध वा निर्बंधांमुळे पैसे अडकले, तर निर्यातदाराची भरपाई करणे हे आहे. मालाच्या अंगभूत नाशवंतपणामुळे झालेली हानी अशा विम्यात बसत नाही. ८८,००० कोटींच्या वाढीव छत्राखाली एप्रिल २०२० मध्ये खड्ड्यात गेलेली एकही दांडी येऊ शकली नसती.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने निर्यातदारांच्या निरनिराळ्या प्रोत्साहन योजनांखालील ५६,०२७ कोटी रुपये देण्याचा निर्णय जाहीर केला. ही रक्कम आधीच्या वर्षांतील निर्यातीवर देय ठरलेली थकबाकी होती. देणे देणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि ते उशिरा का होईना पार पडले हे चांगलेच झाले. पण ज्या काळात छोट्या निर्यातदाराला रोख पैशाची सर्वाधिक गरज होती त्या पहिल्या अठरा महिन्यांत सरकारच त्याचे ऋणको होते, ही गोष्ट मदतीच्या कोणत्याही हिशेबात नोंदली गेली पाहिजे. दरम्यान जुनी ‘मेइस’ ही प्रोत्साहन योजना डिसेंबर २०२० अखेर बंद झाली, तिच्या जागी निर्यातमालावरील परत न मिळालेले कर व शुल्क परत देणारी ‘रोडटेप’ योजना १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली, पण तिचे दर ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले. फेब्रुवारी २०२१ चा हंगाम गाठणाऱ्या निर्यातदाराला आपल्या मालावर किती परतावा मिळणार हे ठाऊक नसतानाच भाव ठरवावे लागले.

खरी कोंडी विमानात होती. भारतातून जाणारा ताजा माल बऱ्याच अंशी प्रवासी विमानांच्या पोटातील मालकक्षातून जातो आणि मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा थांबली ती नियमित स्वरूपात २७ मार्च २०२२ रोजीच पूर्ववत सुरू झाली. म्हणजे पर्यटकाचे येणे-जाणे थांबले म्हणून गुलाबाचे जाणेही महागले. ज्या दोन व्यवसायांना सरकारने एका यादीत ठेवले ते या ठिकाणी प्रत्यक्षात जोडलेले होते. मालवाहू विमानांतील जागा नाशवंत मालासाठी ठराविक भाड्याने राखून ठेवणे आणि भाड्यातील वाढ वाटून घेणे, हा उपाय वाढीव कर्जमुदतीपेक्षा मावळच्या उत्पादकाला अधिक उपयोगी पडला असता. निर्यात ही एकजिनसी गोष्ट नसते हे याच तालुक्यात आणखी एका उदाहरणाने दिसते : तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०१७ नंतर केवळ परदेशी बाजारांसाठी मोटारी बनवत होता आणि तेथील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले, पण तो निर्णय कंपनीच्या जागतिक माघारीचा भाग होता आणि महामारीपूर्वीच घेतला गेला होता. त्या कारखान्याची आणि चार-पाच एकर पॉलिहाऊसची नोंद निर्यातीच्या एकाच रकान्यात होते, यावरून त्या रकान्यातून धोरण आखण्याची मर्यादा कळते.

पर्यटनाकडे वळल्यास चित्र अधिक विषम होते. लोणावळ्याचा मुख्य हंगाम पावसाळा, आणि महामारीने सलग दोन पावसाळे गिळले. २०२० साली राज्य सरकारने ८ जुलैपासून हॉटेलांना एक-तृतीयांश क्षमतेने उघडण्याची परवानगी दिली, तरी धरणे, धबधबे, किल्ले यांवर जाण्यास जिल्हा प्रशासनाची बंदी होती, आणि भुशीला जाता येत नसेल तर लोणावळ्यात खोली घेणारा पर्यटक विरळाच. २०२१ च्या पावसाळ्यातही जमावबंदीचे आदेश निघाले. ही बंदी योग्य होती, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. मुंबई आणि पुणे ही देशातील सर्वाधिक बाधित शहरांपैकी दोन शहरे असताना त्यांच्या मधोमध असलेल्या गावात हजारोंची गर्दी होऊ देणे म्हणजे संसर्गाला निमंत्रण ठरले असते, आणि मावळातील ग्रामीण रुग्णालयांची क्षमता ती गर्दी झेलण्याइतकी नव्हती. प्रश्न बंदीच्या योग्यतेचा नव्हता, बंदीची किंमत कोणी मोजायची याचा होता.

केंद्राची मुख्य योजना ‘ईसीएलजीएस’ या नावाने ओळखली जाते. मे २०२० मध्ये आत्मनिर्भर भारत अभियानाखाली सुरू झालेल्या या योजनेत व्यावसायिकाच्या शिल्लक कर्जाच्या वीस टक्क्यांपर्यंत नवे कर्ज तारणाशिवाय मिळत होते आणि ते बुडाल्यास बँकेला संपूर्ण भरपाई देण्याची हमी केंद्राने घेतली होती. यालाच पतहमी म्हणतात. मार्च २०२१ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आदरातिथ्य, प्रवास व पर्यटन या क्षेत्रांसाठी आली आणि मर्यादा चाळीस टक्के झाली, फेडीची मुदत सहा वर्षे व त्यातील पहिली दोन वर्षे मुद्दल न भरण्याची सवलत देण्यात आली. जून २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने हॉटेले, उपाहारगृहे, प्रवासी संस्था अशा प्रत्यक्ष संपर्कावर चालणाऱ्या व्यवसायांच्या कर्जासाठी बँकांना १५,००० कोटींची खिडकी उघडून दिली. यांतील मुख्य योजनेचा पाया असा होता : ज्याच्यावर आधीपासून बँकेचे कर्ज आहे आणि ज्याने ते २९ फेब्रुवारी २०२० पर्यंत बऱ्यापैकी नियमित फेडले आहे, त्याला त्या कर्जाच्या प्रमाणात आणखी कर्ज. ज्याचे कर्ज मोठे त्याला मदत मोठी, ज्याचे कर्ज नाही त्याला मदत नाही.

लोणावळा-कार्ला परिसरात पर्यटनावर जगणारी माणसे या चाळणीतून घालून पाहिली तर काय उरते? द्रुतगती मार्गालगतचे मोठे रिसॉर्ट टिकते, नोंदणीकृत हॉटेल टिकते, चिक्कीचा बँकखाते असलेला कारखानदार टिकतो. भुशीच्या पायऱ्यांवर मक्याची कणसे भाजणारी बाई, एकवीरेच्या पायथ्याशी नारळ-ओटीचे दुकान मांडणारे कुटुंब, राजमाचीच्या वाटेवर घरात जेवण-मुक्कामाची सोय करणारा गावकरी, लोहगडाच्या पायथ्याशी मळवली स्थानकावरून माणसे ने-आण करणारा रिक्षावाला, पवनेच्या काठी दुसऱ्याच्या जमिनीवर तंबू लावून शनिवार-रविवारी चार पैसे मिळवणारा तरुण, बंगल्यांची राखण करणारा माळी, हे सगळे चाळणीतून खाली पडतात. मान्यताप्राप्त मार्गदर्शकांसाठीची कर्जहमी केंद्र व राज्य सरकारांनी अधिकृत परवाना दिलेल्या साऱ्या देशातील सुमारे १०,७०० जणांपुरती होती. मावळातील किल्ल्यांची वाट दाखवणाऱ्या गावच्या पोरांपैकी कितीजणांकडे असा परवाना असेल, याचा अंदाज बांधायला कोणत्याही पाहणीची गरज नाही. आणि परदेशी पर्यटकांच्या निःशुल्क व्हिसाचा लोणावळ्याशी संबंध नाममात्रच, कारण येथला पाहुणा लोकलने किंवा स्वतःच्या गाडीने येतो.

या तळच्या माणसांपर्यंत काहीच पोचले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोफत धान्य पोचले आणि त्याने उपासमार टळली. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये दहा हजार रुपयांच्या कर्जाची स्वनिधी योजना आली, जी मुख्यतः नगरपरिषदांच्या नोंदीवर चालणारी होती. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने निर्बंध लावतानाच ५,४७६ कोटींचे साहाय्य जाहीर केले आणि त्यात परवानाधारक रिक्षाचालक व नोंदणीकृत फेरीवाले यांना प्रत्येकी दीड हजार रुपये थेट दिले. रक्कम तुटपुंजी होती, नोंदणीची अट येथेही होती, पण या निर्णयाचे तत्त्व सगळ्या पतयोजनांपेक्षा योग्य दिशेचे होते : निर्बंध आणि भरपाई एकाच दिवशी, एकाच तोंडाने, जाहीर झाली. त्याच राज्याचे पर्यटन क्षेत्रासाठीचे इतर निर्णय, म्हणजे आदरातिथ्य व्यवसायाला उद्योगाचा दर्जा, परवान्यांची संख्या सत्तरवरून दहावर आणणे, २०२० चे कृषी पर्यटन धोरण, हे दूरगामी सुधारणांचे होते आणि त्यांचे मोल आहेच; मात्र बंद हॉटेलचे वीजबिल औद्योगिक दराने आले तरी ते भरायचे कशातून, या तत्कालीन प्रश्नाला त्यांनी हात घातला नाही.

या टीकेवर दोन गंभीर आक्षेप घेतले जातात आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. पहिला असा की भारतासारख्या देशाच्या तिजोरीला सरसकट भरपाई परवडली नसती. पतहमीचे सौंदर्य हे की सरकारला आज पैसे द्यावे लागत नाहीत, कर्ज बुडालेच तर पुढे द्यावे लागतात, आणि तेवढ्याच बळावर कितीतरी मोठा पतपुरवठा हलतो. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने जानेवारी २०२२ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार या योजनेमुळे साडेतेरा लाख लघुउद्योग खाती बुडण्यापासून वाचली. हा लाभ मान्य केला पाहिजे. पण तो लाभ कोणत्या व्यवसायांचा हे पाहिल्यास बहुतांशी तो अशांचा निघेल ज्यांची मागणी लांबणीवर पडली होती. देशाची मालाची निर्यात २०२०-२१ मध्ये सुमारे २९२ अब्ज डॉलरपर्यंत घसरून पुढच्याच वर्षी ४२० अब्जांच्या वर गेली. भारतात येणारे परदेशी पर्यटक मात्र २०१९ मधील एक कोटी नऊ लाखांवरून २०२० मध्ये सत्तावीस लाखांवर आले आणि २०२१ मध्ये त्याहूनही कमी झाले. एकाच औषधाने पहिला रोगी उठून बसला म्हणून दुसऱ्यालाही ते लागू पडले असे ठरत नाही.

दुसरा आक्षेप स्थानिक आहे. ऑक्टोबर २०२० नंतर निर्बंध सैल होताच लोणावळ्यात गर्दी उसळली, घरून काम करणाऱ्या शहरी कुटुंबांनी महिनामहिना बंगले भाड्याने घेतले, मग नुकसान कायमचे कसे? येथे ‘लोणावळ्याचा धंदा’ आणि ‘लोणावळ्यात धंदा करणारी माणसे’ यांची गल्लत होते. हंगाम बुडाल्यावर ज्याच्याकडे तग धरण्याइतके भांडवल होते तो दिवाळीपर्यंत थांबला आणि परतलेले गिऱ्हाईक त्याला मिळाले. ज्याने जून ते सप्टेंबरची कमाई गमावून घरातील दागिने किंवा शेतीचा तुकडा गहाण टाकला, त्याच्या जागेवर पुढच्या वर्षी दुसरे कोणी उभे होते. एकूण उलाढाल पूर्ववत होणे आणि माणसे पूर्ववत होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि सरकारी आकडेवारी केवळ पहिली टिपते. फूलशेतीतही लागवड काढून टाकलेल्या पॉलिहाऊसच्या जागी दुसरे पीक आले तर क्षेत्र तेवढेच दिसते, गुलाबाचे कौशल्य मात्र विस्कटते.

परदेशांनी काय केले हे पाहताना श्रीमंत देशांशी तुलना करण्याचा धोका आहे, तरी एक उदाहरण विषयाशी थेट निगडित आहे. मार्च २०२० मध्ये नेदरलँड्समधील आल्समेरच्या फुलांच्या लिलावात भाव कोसळले आणि लाखो फुले नष्ट करावी लागली, तेव्हा तेथील सरकारने एप्रिलमध्ये प्रामुख्याने फूल व बागायती उत्पादकांसाठी सुमारे साठ कोटी युरोंची तरतूद केली. तिचा गाभा असा की उलाढालीतील घटीचा पहिला ठराविक हिस्सा उत्पादकाने सोसायचा आणि त्यापुढील नुकसानीचा मोठा भाग सरकारने उचलायचा. ही भरपाई होती, कर्ज नव्हते, आणि तीत उत्पादकाचा स्वतःचा वाटाही होता. भारताने तेवढी रक्कम द्यायला हवी होती असा याचा अर्थ नाही. नुकसान वाटून घेण्याचे सूत्र रकमेवर अवलंबून नसते आणि ते पाच टक्क्यांनाही लावता येते, एवढाच मुद्दा आहे. याउलट जपानने जुलै २०२० पासून देशांतर्गत प्रवासाच्या खर्चात सवलत देऊन पर्यटकांना बाहेर काढले आणि रुग्ण वाढल्याने डिसेंबरअखेर ती मोहीम थांबवावी लागली. संसर्ग चालू असताना मागणीला उत्तेजन देणे किती घातक ठरू शकते याचा हा धडा लोणावळ्याने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. गर्दीवर जगणाऱ्या गावाला साथीच्या काळात गिऱ्हाईक देऊन वाचवता येत नाही, घरी बसण्याचा मोबदला देऊनच वाचवता येते.

नुकसान वाटून घेण्याची कल्पना आपल्या प्रशासनाला परकी आहे असेही नाही. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेले निसर्ग चक्रीवादळ घाट चढून मावळावरून गेले आणि आधीच बाजार गमावलेल्या पॉलिहाऊसचे प्लास्टिक फाटले, सांगाडे वाकले. वादळाच्या नुकसानीला पंचनाम्याची वाट ठरलेली आहे : तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर जातात, क्षेत्र मोजतात, राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार मदत ठरते. निकष तोकडे असतात, पॉलिहाऊससारख्या खर्चिक रचनेला तर फारच तोकडे, परंतु नुकसान झाले ही गोष्ट सरकारच्या दप्तरात तरी लागते. त्याच शेतकऱ्याच्या त्याच झाडांवरची फुले त्याआधीचे दोन महिने सरकारी आदेशाने बाजार बंद असल्यामुळे मातीत गेली, त्याचा पंचनामा नव्हता. केंद्राने १४ मार्च २०२० रोजी कोविडला आपत्ती प्रतिसाद निधीपुरते अधिसूचित आपत्ती मानले, पण निधीचा वापर मुख्यतः विलगीकरण, तपासणी, उपकरणे अशा बाबींपुरता ठेवला. बुडालेली उपजीविका त्यात बसली नाही.

कायद्याची रचनाही याच दिशेने झुकलेली आहे. १८९७ च्या प्लेगच्या वेळी घाईने झालेला साथरोग कायदा अधिकाऱ्यांना विस्तृत अधिकार देतो, बंद पडलेल्या व्यवसायांना भरपाईचा हक्क मात्र देत नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा अधिक विचारपूर्वक केलेला आहे, तरी मोठ्या आपत्तीतील आर्थिक दिलाशाबद्दल बोलणारे त्याचे तेरावे कलम, जे २०२५ मध्ये वगळण्यात आले, कर्जफेडीतील सवलत आणि सवलतीचे नवे कर्ज यांपलीकडे जात नव्हते. हप्तेस्थगिती, म्हणजे मोरॅटोरियम, मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिने मिळाली, त्या काळातील व्याज चालूच राहिले, आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याजावरील व्याज रद्द केले तरी मूळ व्याज माफ करण्यास नकार दिला. मात्र याच कायद्याच्या पासष्ट आणि सहासष्ट या कलमांनी प्रशासनाला जागा व वाहने ताब्यात घेण्याचा अधिकार देताना मालकाला मोबदला देणे बंधनकारक केले आहे. याचा परिणाम असा की सार्वजनिक हितासाठी एखादे हॉटेल विलगीकरण केंद्र म्हणून ताब्यात घेतले तर मोबदला देय ठरतो, आणि त्याच सार्वजनिक हितासाठी शेजारचे हॉटेल, त्यासमोरची टपरी आणि मागच्या वाडीतील मुक्कामाची घरे बंद ठेवली तर काहीच देय ठरत नाही. दोन्हींत मालकाने समाजासाठी उत्पन्न सोडलेले असते.

सहासष्टाव्या कलमातील मोबदल्याचे तत्त्व आदेशाने बंद केलेल्या हंगामी व्यवसायांपर्यंत नेणे, हा म्हणूनच क्रांतिकारक विचार नाही. त्यासाठी आदेशाचा प्रदेश व काळ ठरलेला असला पाहिजे, आणि तो जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात असतोच. हंगामाच्या महिन्यांतील सरासरी उत्पन्नाचा अंदाज हवा, तो मोठ्या व्यवसायांचा वस्तू-सेवा कराच्या विवरणातून आणि फुलांचा बाजार समित्यांच्या व निर्यातीच्या नोंदींतून निघू शकतो. आणि ज्यांची कोणतीच नोंद नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीने व नगरपरिषदेने शांततेच्या काळात नोंदवही तयार ठेवायला हवी. वेहेरगाव, कार्ला, भाजे, लोहगड, उधेवाडी येथील ग्रामसभेला आपल्या हद्दीत पायथ्याशी दुकान कोण लावते, घरात पाहुणे कोण ठेवते, वाट कोण दाखवते, हे कोणत्याही मंत्रालयापेक्षा अचूक ठाऊक असते. अशी नोंद करताना कराची भीती घालू नये, कारण कराच्या भीतीने रिकामी राहिलेली वही पुढच्या साथीत पुन्हा निरुपयोगी ठरेल. मोबदल्याचा काही भाग व्यवसायांच्या सामायिक वर्गणीतून उभा करता येईल : गुलाबाच्या निर्यातीच्या प्रत्येक पेटीमागे आणि हॉटेलातील प्रत्येक खोलीमागे चांगल्या वर्षांत घेतलेले अल्प शुल्क तालुक्याच्या पातळीवरील निधीत साठवायचे, राज्याने त्यात तेवढीच भर घालायची, आणि उत्पादकाने व व्यावसायिकाने घटीचा पहिला हिस्सा स्वतः सोसायचा. पॉलिहाऊससाठी तर आणखी वेगळी तरतूद लागेल, कारण तेथे बुडालेल्या विक्रीइतकीच महत्त्वाची गोष्ट झाडे जिवंत ठेवण्याचा चालू खर्च ही आहे, आणि तो खर्च थकल्यास आठवड्यांच्या बंदीचे नुकसान वर्षांचे होते.